कोरडी पेटी

“साहेब, पेटी उघडा! मशीन का मेलं ते बघू द्या!”

माझा नवरा ओरडला तेव्हा मशीन बंद पडलं होतं आणि ओहोटी आमची होडी कळव्याच्या पुलाच्या खांबाकडे ओढत होती. पुलाखालून जायचं म्हणून डोलकाठी आधीच आडवी पाडून बांधली होती, म्हणजे शिडाचाही आधार नाही. नांगर टाकला होता, पण गाळ मऊ, नांगर घसरत आमच्यामागून येत होता. वरून परतीचा पाऊस मारत होता. रबर जळाल्याचा वास सुटला होता. मी मधल्या फळीला धरून बसले होते. आणि तो, होडीचा मालक, सुकाणूच्या बाजूला बसवलेल्या लाकडी पेटीवर पालथा पडला होता. अंगातला रेनकोट काढून त्याने पेटीवर घातला होता आणि त्यावर स्वतः पडला होता.

“पावसात उघडत नाही, नाखवा,” तो म्हणाला. “पाणी आत जाईल.”

खांबावरचं शेवाळ दिसायला लागलं होतं, आणि तो हे म्हणत होता.

मी इथे त्याला तो म्हणणार. तोंडावर साहेब म्हणायचे. नवऱ्याला अहो-जाहो आणि याला अरे-तुरे का, असं कोणी विचारलं तर शेवटपर्यंत वाचा म्हणावं.

कोपरीला खाडीच्या कडेला आमचं घर. मागे एक खोली आणि पुढे होडी ओढून घ्यायला जागा. आमच्या ह्यांनी खाडीत मासे मिळेनासे झाल्यावर स्वतःची होडी मोडीत घातली होती, जागा रिकामी पडली होती. ती त्याने भाड्याने घेतली. राहायचा डोंबिवलीला, बायको आणि फ्लॅट तिकडे. डोंबिवलीच्या एका कारखान्यात जन्मभर काट्यांची मीटरं बनवली आणि रिटायर झाल्यावर कुठल्या तरी श्रीमंताने टाकून दिलेली शिडाची होडी विकत घेतली. फायबरची, मागच्या खोलगट भागात सुकाणू धरून बसायची जागा, बसायच्या जागेखाली लहानसं डिझेल मशीन. वारा नसला की मशीन. आणि मशीनचे काटे तिथेच, सुकाणूच्या हाताशी, उघड्यावर. एक काटा मशीन किती तापलं ते सांगणारा, एक तेलाचा, एक फेऱ्यांचा. बाजूला किल्लीचं भोक आणि मशीन जास्त तापलं की वाजणारी एक छोटी पिपाणी.

होडी आली त्या दिवशी तळाला भेग होती. लाकडी दारंही कुजली होती. ती सगळी कामं आमच्या ह्यांनी बघितली. त्याने आधी काट्यांची काच पुसली. काच आतून दमट होती, पांढरी पडलेली. जुनी मीटरं त्याने काढून हातात धरली तेव्हा त्यांच्यातून खारं पाणी टपकलं, आणि मी त्याच्या डोळ्यांत पाणी बघितलं. खोटं सांगत नाही. कारखान्यात कोणी मेलं तर हा रडला असेल का, कोण जाणे.

“ऊन रंग खातं वहिनी, मीठ तारा खातं,” तो मला म्हणाला. “होडीचं सगळं सुधारता येतं. मीटर एकदा भिजलं की गेलं.”

“मग होडी पाण्यात टाकताच कशाला?” मी म्हणाले. “आमच्या खोलीत ठेवा, देव्हाऱ्याजवळ.”

त्याला चेष्टा कळायची नाही. तो म्हणाला, “खोली दमट आहे तुमची.”

नवी मीटरं त्याने बसवली ती मात्र नीट बसवली, हे कबूल करायला हवं. मागच्या तारांना तो खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी वळशावर टपकतं, मीटरपर्यंत जात नाही. सांध्यांना ग्रीस. फळी आणि मीटर यांच्यामध्ये रबराची कडी. इथपर्यंत कोणीही शहाणा माणूस करेल. तिथेच थांबला असता तर मला आज हे लिहायचं कारण पडलं नसतं. पण तो थांबणाऱ्यातला नव्हता.

आधी प्लास्टिकची पिशवी आली. ती वाऱ्याने फडफडते म्हणून रेक्झिनचं कव्हर, कोपरीच्या बाजारातल्या शिंप्याकडून शिवून आणलेलं. शिंपी म्हणाला, मिक्सरला आहे का? हा म्हणाला, मिक्सरपेक्षा महत्त्वाच्या वस्तूला. कव्हराच्या शिवणीतून पाणी जातं म्हणून लाकडी पेटी, मशीन चालू करायचं किल्लीचं भोक तेवढं बाहेर ठेवून. पेटीच्या झाकणाला पारदर्शक खिडकी केली होती, काटे दिसावेत म्हणून. ती उन्हाने पिवळी पडली, मग तडकली, मग तिच्यावर आतून दंव धरायला लागलं. त्याने खिडकी काढली आणि सबंध फळी ठोकली.

आमचे हे बाजूला विडी ओढत बसले होते. म्हणाले, “साहेब, आता काटं दिसायचं कसं?”

“झाकण उघडल्यावर.”

“आन पावसात?”

“पावसात होडी काढायचीच कशाला, नाखवा?”

हे ह्यांना पटलं. ते हसले, मान हलवली. मला पटलं नाही, पण बायकांचं मत होडीच्या बाबतीत विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. जाळं विणायला आणि मासे विकायला बाई लागते, होडीवर तिने पाय ठेवला तरी बोलतात.

मग पिपाणीची पाळी. पिपाणीला आवाज बाहेर यायला बारीक भोक असतं. त्या भोकातून दमट हवा आत जाते, असं त्याला एका सकाळी सुचलं. त्याने माझ्याकडून मेणबत्ती मागितली. मला वाटलं खोलीतली लाइट गेली. त्याने मेण वितळवून भोकात ओतलं. मग पेटीला कान लावून मला म्हणाला, “ऐका वहिनी, वाजते की.”

“मला नाही ऐकू येत.”

“कान लावा ना.”

मी कान लावला. आत कुठे तरी डास अडकल्यासारखा आवाज येत होता.

पेटीत ठेवायला त्याला त्या पांढऱ्या पुड्या लागायच्या, नव्या चपलांच्या खोक्यात निघतात त्या, दमटपणा शोषून घेणाऱ्या. ठाणे स्टेशनजवळच्या चपलांच्या दुकानांत तो जायचा आणि चप्पल न घेता पुड्या मागायचा. दुकानदार हाकलायचे. एकाने त्याला भिकारी समजून नाणं दिलं. ते नाणं परत करून तो पुडीसाठी तिथेच उभा राहिला. नवरात्रात सगळं ठाणं टेंभी नाक्यावर देवी बघायला लोटतं. हाही गेला. आला तो संतापून. देवीला काय नेसवलं होतं ते सांगता येईना, पण जनरेटरच्या मीटरवर मंडळाच्या पोरांनी नुसतं निळं ताडपत्रीचं फडकं टाकलं होतं, आणि तेही एका बाजूला उडालेलं. “सांगायला गेलो तर म्हणतात, काका, दर्शन झालं असेल तर पुढे सरका.”

त्याची बायको वर्षातून एखाद्या वेळी यायची. शिकलेली, शांत बाई, शाळेत शिकवून रिटायर झालेली. होडीवर कधी चढली नाही. ओट्यावर बसून माझ्याशी बोलायची.

“आमच्याकडे रिमोट पिशवीत असतो,” ती म्हणाली. “पिशवीवर रबर. रबर तुटेल म्हणून दुसरं रबर. फ्रिजच्या दांड्याला मोजा घातलेला. लग्नात माझ्या वडिलांनी सोफा दिला, त्याचा रंग कोणता होता ते मला आठवत नाही. कव्हर खाकी आहे, एवढं माहीत आहे.”

“काढून टाका की एकदा कव्हर.”

“काढलं होतं. ते दोन दिवस जेवले नाहीत.”

आम्ही दोघी हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

आता ह्यांचं सांगते, कारण खरी गोष्ट ती आहे. आमचे हे स्वतःच्या होडीवर असताना मशीनच्या झाकणावर सारखा तळहात ठेवायचे. बोलता बोलता, विडी ओढता ओढता, हात तिकडे जायचाच. दुसरं काही साधन नव्हतंच. हाताला घट्टे होते, पण मशीन फार तापायच्या आधी त्या हाताला कळायचं. त्याच्या होडीवर जायला लागल्यावर ह्यांनी ते सोडलं. मी एकदा किनाऱ्यावरून बघितलं आणि घरी आल्यावर विचारलं.

“अगो, काटा हाय ना आता,” ते म्हणाले. “हात क्याला भाजू?”

त्यांना ती मीटरं फार आवडायची. झाकण उघडं असलं की लहान पोर जत्रेतल्या घड्याळाकडे बघतं तसे बघत बसायचे. काटा लालवर गेला की वाईट, हे त्यांनीच मला शिकवलं, मोठ्या ऐटीत. मी चौथी शिकलेली, ते तेवढंही नाही. पण लाल म्हणजे वाईट हे कळायला चौथी पुरते.

त्या वर्षी माझी लेक दिव्याला राहायला गेली. भाडं परवडतं म्हणून लोक तिथे जातात आणि मग पाण्यासाठी रडतात. तिला बाळ झालं होतं, महिन्याचं. टँकरच्या पाण्याने बाळाचं पोट बिघडेल म्हणून ती घाबरली होती, फोनवर रडत होती. मला चांगल्या पाण्याचे कॅन भरून न्यायचे होते. तिला दोन शिव्याही द्यायच्या होत्या, तिथे घर घेतलं म्हणून. तो आमच्या ओट्यावर पुड्या उन्हात वाळवत बसला होता. म्हणाला, “वहिनी, रस्त्याने कशाला? दिव्याला पाणी न्यायचं ना, पाण्यातून नेऊ. नाखवा आहेत, मी आहे. तुम्ही कधी बसला नाहीत माझ्या होडीत.”

सकाळी आभाळ निळं होतं. भरती होती. हे खुशीत होते, कारण बाई होडीत बसलेली बघून शेजारचे काय म्हणतील याची त्यांना आता पर्वा राहिली नव्हती. पुलाखालून जाताना डोलकाठी पाडली, पलीकडे गेल्यावर उभी केली, वारा धरला. पेटी उघडी होती. काटे चकचकत होते. तो काट्यांकडे बघत होता, हे काट्यांकडे बघत होते आणि मी मुंब्र्याच्या डोंगराकडे बघत होते. मला ते बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

लेकीकडे जेवलो. बाळ चांगलं होतं. कॅन तिने पलंगाखाली लपवले, शेजारणी मागतात म्हणून. निघताना ती म्हणाली, “आई, हल्ली दुपारनंतर पाऊस येतो. तू आणि बाबा रिक्षाने जा ना गं.”

ह्यांनी आभाळाकडे बघितलं, म्हणाले, “याच्या आधी पोचू.” त्याने आभाळाकडे बघितलं. झपाझप होडीकडे गेला. आम्ही चढलो तेव्हा त्याने पेटी बंद करून कुलूप लावलं होतं. वर रेक्झिनचं कव्हर, त्यावर दोरी. कुलपाची किल्ली त्याच्या गळ्यात जानव्याला.

“साहेब, थेंब पण नाय अजून,” हे म्हणाले.

“येणार,” तो म्हणाला.

येणार होता आणि आला. मुंब्रा मागे पडलं तोवर टपोरे थेंब, मग झोड. वारा फिरला म्हणून शीड उतरवलं, मशीन लावलं. पुढे पूल म्हणून डोलकाठी पाडली. खाडीतून फुलांच्या, निर्माल्याच्या पिशव्या वाहत होत्या, नवरात्राचे दिवस. ठाण्यात देवीला वाहिलेलं सगळं शेवटी खाडीला येतं. मशीन थंड राहायला बाहेरचं पाणी ओढून घेतं. ते तोंड होडीच्या पोटाशी असतं. तिथे एक पिशवी जाऊन बसली. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की सगळं ठीक आहे, कारण बिघडलं असतं तर काटा लाल झाला असता, पिपाणी वाजली असती.

काटा लाल झाला होता. पिपाणीही वाजत असणार. पेटीच्या आत.

वास मला आला. मी म्हणाले, “अहो, काही तरी जळतंय.” ह्यांनी वळून झाकणावर हात ठेवला, आणि तो हात चटका बसून उडाला. मी त्यांचं तोंड बघितलं. तेवढ्यात मशीन एकदा घरघरलं आणि गप झालं. मग नांगर, मग ते ओरडणं, मग त्याचं ते पेटीवर पालथं पडणं. खरं म्हणजे मशीन तेव्हा मेलंच होतं. पेटी उघडून काही उपयोग नव्हता. पण माणूस मेलेल्याचं तोंड बघायला मागतो ना, तसं ह्यांनी मागितलं.

ह्यांनी बांबू घेतला आणि पुढच्या टोकाला गेले, खांबाला टेकवून होडी बाजूला ढकलायला. जाताना मला म्हणाले, “तू हलू नको गो.” त्यांनी बांबू टेकवला. बांबू शेवाळावरून सटकला. होडी आडवी होऊन खांबावर आदळली तेव्हा हे मध्ये होते. मी तो आवाज कोणाला सांगितला नाही, इथेही सांगणार नाही.

होडी कलंडली. मी पाण्यात गेले. पोहायला मला येतं, पण लुगडं पायात गुंडाळलं. कळव्याच्या बाजूने दोघं जण होडकं घेऊन आले, त्यांनी मला केसांना धरून वर ओढलं. त्याला पेटीपासून सोडवायला लागलं. ह्यांना दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या बाजूला तिवरांत शोधून काढलं.

होडी विटाव्याच्या गाळात जाऊन बसली होती. पोलिसांना पंचनामा करायचा होता, पेटीत काय आहे ते बघायचं होतं. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले. त्याने गळ्यातली किल्ली काढली. कुलूप लवकर उघडेना. झाकण उघडलं. आत थेंब नव्हता. रात्रभर होडी गाळात अर्धी बुडालेली, आणि आत थेंब नाही. चपलांच्या दुकानातल्या पुड्या कोपऱ्यात होत्या तशाच. काचा स्वच्छ. काटे नवे.

पोलीस वाकून बघत म्हणाला, “काय पॅकिंग केलंय!” त्याच्या आवाजात कौतुक होतं.

पोलिसांनी आणलेल्या मेकॅनिकने खालून निर्माल्याची पिशवी ओढून काढली. झेंडू अजून पिवळा होता. मेकॅनिक म्हणाला, “पुलाच्या बऱ्याच अलीकडे काटा लालवर गेला असणार. तेव्हा बंद करून पिशवी काढली असती तर काही झालं नसतं. कोणी बघितला नाही का काटा?”

मी पेटीकडे वळून बघितलं. तो झाकण परत लावत होता. सवय.

तेराव्याला तो बायकोला घेऊन आला. भिंतीला टेकून बसला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, “वहिनी, पेटीत पाणी गेलं नव्हतं.”

“बघितलं मी,” मी म्हणाले.

बायको उठली, त्याचा दंड धरला. “चला,” म्हणाली. मी त्यांना चहा दिला होता. दारात आलेल्याला देतात म्हणून दिला. त्याने बशी कपावर पालथी घातली होती, माशी पडू नये म्हणून, आणि चहा तसाच राहिला.

होडी त्याने भंगारात घातली. आमची जागा सोडली. पोलिसांनी अपघात लिहिला. अपघातच होता, मी त्याला खुनी म्हणत नाही. खुनी माणसाला निदान काय करतोय ते माहीत असतं.

मध्यंतरी भाचीच्या साखरपुड्याला डोंबिवलीला गेले होते. त्याची बायको तिथे भेटली, हट्टाने घरी घेऊन गेली. घरात पाऊल ठेवलं आणि मला कळेना आपण कुठे आलो. कुठेही कव्हर नव्हतं. रिमोट उघडा. फ्रिजच्या दांड्याला मोजा नाही. खिडक्या सताड, पडदे पावसाने भिजून डागाळलेले.

“हिरवा निघाला हो सोफा,” ती म्हणाली. “मोरपंखी. वडिलांनी किती चांगला घेतला होता.” तिने कापडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. तिला रंग दिसायला माझा नवरा जावा लागला. तिच्यावर माझा राग नाही. पण मी त्या सोफ्यावर बसले नाही, खुर्ची घेतली.

तो गॅलरीत होता. पेटीतली मीटरं त्याने गॅलरीच्या ग्रिलला तारेने बांधली होती, उघडीच. ऊन लागून त्यांचे रंग उडाले होते. काचांत पाणी शिरून पांढरं पडलं होतं, एक काटा गंजून गळून तळाला पडला होता. तो त्यांच्यासमोर बसला होता. म्हातारा झाला होता. मीही झाले आहे.

“पुसू देत नाहीत,” बायको मागून म्हणाली.

“साहेब,” मी म्हणाले, “हे झाकत का नाही?”

त्याने मला ओळखलं. मग म्हणाला, “झाकलं की दिसत नाही, वहिनी.”

“एवढं कळायला चौथीसुद्धा लागत नाही,” मी म्हणाले, आणि चपला घातल्या.

लोक मला सांगतात, त्याला त्याची शिक्षा झाली, बघा कसा बसून असतो. बसून असतो हे खरं आहे. पण संध्याकाळी त्याची बायको त्याला आत बोलावते आणि तो आत जातो. भात गरम असतो. माझ्याकडे ह्यांचं ताट मी अजून फळीवरून काढलेलं नाही, आणि ते झाकलेलंही नाही. धूळ बसते, मी पुसते.

होडीत आम्ही तिघं होतो. तो वाचला. मी वाचले.